मुका भोपळा

१. तिसरा कप्पा

सकाळी आठ वाजता कॅप्टन रुपा चौधरींनी लोखंडी कपाट उघडलं आणि तिसरा कप्पा रिकामा निघाला.

मी त्यांच्या मागे दोन पावलांवर उभी होते. कप्प्यातला निळा रुमाल चौकोनी घडी करून जागच्या जागी होता. त्या रुमालावर रोज असणारी, काडेपेटीहून लहान डिस्क तेवढी नव्हती.

"हन्ना," मागे न वळताच कॅप्टन म्हणाल्या, "काल संध्याकाळी सहाला डिस्क तू ठेवलीस."

"तुमच्यासमोर आणि नवनीतसमोर ठेवली, मॅडम."

"आणि आज सकाळी सहापासून या इमारतीत कामाला एकटी तूच आहेस."

हे खरं होतं. मला पहाटेच काम सुचतं, आणि ही सवय त्या दिवशी माझ्या गळ्याशी आली.

मी हन्ना वसावे. माझं गाव नवापूर तालुक्यात गुजरातच्या हद्दीला टेकलेलं आहे. वडील इमॅन्युएल भात पिकवतात आणि रविवारी चर्चमध्ये वचन वाचतात. मी फौजेसाठी काम करते एवढंच त्यांना ठाऊक आहे. तेवढ्यावर ते गावात छाती काढून फिरतात.

काम काय, ते गावात कुणालाच ठाऊक नाही. खांडबाऱ्याबाहेरची बंद पडलेली कापसाची जिनिंग फौजेने घेतली आणि फाटकावर हवामान केंद्राची पाटी लावली. त्यामुळे बाजाराच्या दिवशी बायका मला पाऊस कधी येणार ते विचारतात. मीही काहीतरी ठोकून देते. दोनदा खरं निघालं, तेव्हापासून फार मान आहे.

आत कापसाच्या मोठ्या गोदामात आम्ही 'शत्रूगाव' उभं केलं होतं. खरे पंप, खरे विजेचे फलक, क्षेपणास्त्रतळाच्या नियंत्रण कक्षाची हुबेहूब नक्कल आणि घरांच्या जागी दोनशे दिवे. त्या गावावर हल्ला करायला शिकायचं, हे आमचं काम. आमचं हत्यार म्हणजे एक प्रोग्राम, नाव 'चकवा'. तो तळाच्या यंत्रणेत शिरतो आणि अकरा मिनिटं पडद्यावर आकाश मोकळं दाखवत राहतो. तेवढ्यात आपली विमानं जाऊन परत येतात.

नवनीत पाटीलचा पहिला चकवा सगळ्या गावाची वीज घालवायचा. माझा फक्त तळाची घालवतो, तीही नियंत्रण कक्ष सोडून. त्याच तारेवरचा दवाखान्याचा दिवा जळत राहतो. त्या एका दिव्यासाठी मी चौदा महिने घालवले. कर्नलसाहेबांनी माझा चकवा निवडला, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने टाळ्या नवनीतनेच वाजवल्या होत्या.

तो चकवा त्या डिस्कवर होता. दुसरी प्रत नव्हती, कारण प्रत म्हणजे चोराला दुसरं दार, असा आमचा नियम. आणि असलं हत्यार शत्रूने एकदा पाहिलं की ते संपलं. तो आपली दारं बदलतो आणि आपल्या हातात भंगार उरतं.

चार वाजता दिल्लीहून जनरलसाहेब चाचणी बघायला येणार होते.

"दुपारी चारपर्यंत," कर्नल इंद्रसिंग गिरासे म्हणाले. ते शहाद्याकडचे, तोलून बोलणारे. "तोवर डिस्क मिळाली नाही, तर मला वर कळवावं लागेल. केंद्र बंद होईल. आणि हन्ना, तुला चौकशीसाठी घेऊन जातील. आरोप देशद्रोहाचा असेल."

माझ्या डोळ्यांपुढे चर्चमध्ये वचन वाचणारे वडील आले.

२. गाठोडं

झडती सुरू झाली. टेबलं उलटी झाली, डबे उघडले, पंख्यांची पाती पुसून निघाली. कॅमेरा आमच्याकडे एकही नाही. दुसऱ्यांचे कॅमेरे आपल्याकडे कसे वळवायचे हेच आम्ही शिकतो. मग स्वतःच्या घरात कोण लावील? कपाटाचा आकडा चौघांना माहीत होता: कर्नलसाहेब, कॅप्टन रुपा, नवनीत आणि मी. पण कपाटाच्या खोलीची किल्ली संध्याकाळी सहा ते सकाळी आठ पहारेकऱ्याकडे असे.

पहारेकरी होते उदेसिंग पाडवी, सातपुड्यातल्या काठी गावचे. फौजेतून निवृत्त झालेले, पन्नाशीचे, मितभाषी. कर्नलसाहेबांनी त्यांना समोर बोलावलं.

"बसा, उदेसिंग."

"नको साहेब. उभाच बरा."

ते अनवाणी उभे होते. किल्ली कुणाला दिली का, झोप लागली का, जागा सोडली का? प्रत्येक प्रश्नाला त्यांनी नाही म्हणून मान हलवली. शेवटच्या प्रश्नाला मात्र ती हलायला थोडा वेळ लागला. कॅप्टन रुपांनी ते टिपलं आणि मीही.

त्या दिवशी होळी होती. उदेसिंगदादांची दुपारपासून रजा होती, कारण काठीच्या होळीत ते बुध्या होऊन नाचतात. मोरपिसांचा टोप, अंगावर रेघा, कमरेला सुकलेल्या भोपळ्यांचा आणि घुंगरांचा पट्टा. आठवड्यापूर्वी त्यांनी तो पट्टा आम्हाला हौसेने दाखवला होता. आता तो नव्या कापडात बांधून पहाऱ्याच्या खोलीत उंच टांगलेला होता.

कॅप्टन रुपांनी गाठोड्याला हात घातला, तसे दादा घाईघाईने पुढे झाले.

"बाई, तेवढं नको. बाईमाणसाचा हात लागत नाही त्याला. एखाद्या गड्याला सांगा."

कॅप्टन कडक आहेत, पण उर्मट नाहीत. त्यांनी नवनीतला बोलावलं. नवनीतने गाठोडं सोडलं, पट्टा चाचपला, हलवला. घुंगरं छनछनली.

"काही नाही मॅडम. भोपळेच आहेत."

मग त्याने ते फाटकावरच्या धातुशोधक यंत्राखालून नेऊन दाखवलं. यंत्र कोकललं, अर्थात घुंगरांमुळेच.

"साहेब," नवनीत कर्नलसाहेबांना म्हणाला, "बिचाऱ्याला तरी जाऊ द्या. वर्षाचा सण आहे."

किती चांगला मुलगा, असं माझ्या मनात आलं. आज आठवलं की माझाच मला राग येतो.

कर्नलसाहेबांनी होकार दिला. बाराची जीप दादांना तळोद्याला सोडणार होती. तिथून पुढे वर जाणाऱ्या जीपा मिळतात. मग साहेबांनी प्रत्येकाकडून लेखी जबाब घेतला, ते जबाब खिशात ठेवले आणि एकच फोन केला.

"भटूभाऊ, आत्ताच्या आत्ता या. हो, आहात तसे."

३. मिरचीवाला

साडेदहाला फाटकातून एक मोटारसायकल आली, आणि तिच्यावरचा माणूस उतरायच्या आधीच कॅप्टन रुपांना शिंक आली. मग मला. मग फाटकावरच्या दोघांना.

"माफ करा," तो म्हणाला. "पथारीवरथून सरळ उनू."

सुभेदार भटू बोरसे. बावीस वर्षं मिलिटरी पोलिसात चोर पकडले, आता नंदुरबारला मिरचीचा व्यापार; पथारी म्हणजे मिरची वाळत घालायचं मैदान. बोटं मनगटापर्यंत लाल आणि खांद्यावरचं उपरणं झटकायची सोय नाही. कर्नलसाहेबांनी त्यांना केंद्राचं काम दोन मिनिटांत समजावलं. त्यांनी खिशातून एक सुकी मिरची काढली आणि कानाशी हलवत ऐकून घेतलं.

"साहेब, माले तुमना कॉम्प्युटरमा काही समजत नही. पन चोर तं मानूसच ऱ्हास ना?"

"ही मिरची कशाला?" कॅप्टन रुपांनी नाकाला रुमाल लावत विचारलं.

"सवय शे, बाई. वाळेल मिरचीनं बी वाजस. वलं ऱ्हायनं तं वाजत नही. पोतामा हात न घालता मी सांगी देस, मधमा काय शे."

मला हसू यायला हवं होतं, पण रडू आलं. भटूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

"तूच का ती पोरगी, जिले आज धरी लई जातीन?"

"हो."

"काही खादं का सकाळपाईन?"

नाही म्हटल्यावर तपास बाजूला ठेवून ते मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. तिथे प्रमिलाबाई, आमच्या स्वयंपाकीण, कुरकुरत भाकरी थापत होत्या.

"इतलं पीठ मळं, आनि कोनीच खाई नही ऱ्हायनं. तो उदेसिंग तं पाच दिनपाईन मन्हा हातनं पानीसुद्धा लेत नही. आनि देखा ना भाऊ, मन्ही खरकटानी बादलीमा कोनीतरी ह्या बिया टाक्यात!"

खिडकीत वर्तमानपत्रावर चपट्या, जून बिया धुऊन वाळत घातल्या होत्या.

"कसान्या शेतस?" भटूभाऊंनी विचारलं.

"दुधीन्या. पंधरा दिनपाईन मी दुधी आनाच नही. वाया कसाले जाऊ देवो, पावसाळामा लावसू."

भटूभाऊंनी एक बी बोटात फिरवलं आणि खिशात टाकलं. मग माझ्यासमोर भाकरी सरकवली.

"खाय. आते एकेकले भेटूत."

बारा वाजायला सव्वा तास राहिला होता.

४. खाट

कॅप्टन रुपा आधी बोलल्या, आणि त्यांनी माझी बाजू घेतली नाही.

"आमच्याकडे दर शुक्रवारी एक खेळ असतो," त्या म्हणाल्या. "घरफोडी म्हणतो आम्ही. प्रत्येकाने कागदावर लिहायचं की आपलंच केंद्र आपण कसं फोडू. हल्ला शिकायचा तर चोराच्या डोक्याने विचार करायला हवा. जानेवारीत हन्नाचा कागद पहिला आला. सगळ्यांसमोर वाचला गेला. आणि आज सकाळी जे झालं ते हुबेहूब त्या कागदासारखं आहे."

"दखाडा." भटूभाऊंनी कागदासाठी हात पुढे केला.

तो माझ्या अक्षरातला कागद होता. मी लिहिलं होतं: *सकाळी सहाला पहारेकरी दमलेला असतो. बूट काढून खाटेखाली ठेवतो, खाटेवर टेकतो, पाच मिनिटांत घोरतो. किल्ली खुंटीवर असते. किल्ली घ्यायची, कपाट उघडायचं, किल्ली परत लावायची. वेळ सात मिनिटं.* लिहिताना केवढी शहाणी समजले होते मी स्वतःला! आता तो कागद माझ्याविरुद्ध सही केलेल्या कबुलीजबाबासारखा टेबलावर पडला होता.

"म्हनजे कागद हिना, येळ हिनी, मोका हिना," भटूभाऊ म्हणाले. "एकदम बराबर बशी ऱ्हायनं."

"म्हणून तर," कॅप्टन म्हणाल्या.

"म्हनीसन तं माले पटी नही ऱ्हायनं. आपलाच कागद वाचीसन कोन चोरी करस, बाई?"

नंतर नवनीत आला. तापीकाठच्या प्रकाशा गावचा, घरी केळी आणि ऊस, वडील सोसायटीचे चेअरमन. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. भटूभाऊंशी तो मुद्दाम अहिराणीत बोलला.

"भाऊ, हन्नानं नाव लेवाले माले जड जाई ऱ्हायनं. ती मन्ही बहीनसारखी शे. पन देखं ते लिखी दिधं."

"रजा टाकी शे तू?"

"हाँ. काठीनी होळी कधी देखी नही. संध्याकायले जाई ऱ्हायनू."

"जाय ना, देखासारखी ऱ्हास," भटूभाऊ म्हणाले, आणि त्याला जाऊ दिलं.

शेवटी उदेसिंगदादा. भटूभाऊंनी खुर्ची पुढे केली. दादा उभेच राहिले. भटूभाऊ खुर्चीतून उठले आणि त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. मग दादाही जमिनीवर बसले.

"कितवा दिवस?" भटूभाऊंनी मराठीत विचारलं.

"पाचवा, साहेब."

दोघं काय बोलताहेत ते मला कळत होतं, कॅप्टन रुपांना नाही. काठीच्या होळीचे बुध्ये पाळणी पाळतात. तेवढे दिवस अंघोळ नाही, पायात काही नाही, खाटेवर की खुर्चीवर बसायचं नाही, बाईच्या हातचं खायचं नाही.

"मग जेवण कोण करतं?"

दादांची मान खाली गेली.

"मीच. मागे तीन दगड मांडलेत. रोज संध्याकाळी साडेसहाला भाकर भाजतो. पंधरा मिनिटं." त्यांचा आवाज फाटला. "किल्ली खुंटीवर ठेवून जातो. वीस वर्षं नोकरी केली साहेब, जागा कधी सोडली नाही. देवाची पाळणी मोडू की पहारा मोडू? मला कळलं नाही."

"म्हणजे साडेसहाला कुणीही..." कॅप्टन रुपा ताडकन उठल्या. "हे सकाळीच का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली, बाई."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. बारा वाजायला दहा मिनिटं होती, आणि दादांना न्यायला गाडी आली होती.

५. जुनी पाहणी

"जीप थांबाडा," भटूभाऊ म्हणाले आणि माझ्यापुढे कोरा कागद ठेवला.

"पोरी, घरफोडीमा तू पहिली उनी ना? आज परत कर. आज तू काय लिखशी?"

"आत्ता? मला काही सुचत नाही, भाऊ."

"सुचत नही तं बाहेर जाय आनि डोया उघाडीसन देखी ये."

मी व्हरांड्यात गेले. दार. खुंटी. खुंटीवर किल्ली. खाट कुठे होती? ती व्हरांड्याच्या टोकाला भिंतीशी उभी करून ठेवलेली होती. तिचे पाय आणि भिंत यांच्यामध्ये कोळ्याने ऐसपैस जाळं विणलं होतं. ते काही एका रात्रीत विणलेलं नव्हतं.

मला हे ठाऊक होतं! पाच दिवस मी त्या उभ्या खाटेशेजारून ये-जा करत होते. दादा अनवाणी आहेत, हे मी रोज पाहत होते. आज मी कागद लिहिला असता, तर त्यात खाट आली नसती, बूट आले नसते आणि सकाळचे सहाही आले नसते. मी लिहिलं असतं: संध्याकाळचे साडेसहा, मागे धूर दिसला की.

मी पळत आत आले.

"भाऊ, माझा कागद जुना झाला! जानेवारीतली पाहणी आहे ती. आमच्या धंद्यात पाहणी जुनी झाली की हल्ला फसतो. शत्रूने मधे काही बदललेलं असतं."

भटूभाऊ हसले. त्यांनी कर्नलसाहेबांकडून लेखी जबाब मागून घेतले आणि मोठ्याने वाचायला मला दिले. ते माझ्या हाती तेव्हाच पहिल्यांदा आले.

कॅप्टन रुपांनी लिहिलं होतं: *सकाळी पावणेसहाला व्हरांड्यातून गेले. उदेसिंग दाराशी उभा होता.*

नवनीतने लिहिलं होतं: *सकाळी सहाला पाणी प्यायला आलो. उदेसिंग बूट खाली काढून खाटेवर झोपला होता. खुंटीवर किल्ली नव्हती. हन्ना कपाटाच्या खोलीतून बाहेर येताना दिसली.*

मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचता आलं नाही, इतका राग आला होता.

"त्याने हे पाहिलेलं नाही," मी म्हणाले. "हे त्याने माझ्या कागदातून उतरवलंय. चोरी काल संध्याकाळी केली आणि माझ्यावर ढकलायला माझी सकाळ उचलली. उदेसिंगदादांकडे त्याने कधी नीट बघितलंच नाही. त्याने धूर बघितला, किल्ली बघितली. किल्ली राखणाऱ्या माणसाचे पाय बघितले नाहीत!"

कॅप्टन रुपा खुर्चीत बसल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"पण डिस्क कुठाय?" कर्नलसाहेब म्हणाले. "नवनीतच्या खोलीची झडती मी स्वतः घेतली. तो नाही म्हणेल. डिस्क नाही तर पुरावा नाही, आणि चार वाजता मी जनरलसाहेबांना काय दाखवू?"

भटूभाऊंनी खिशातून ते दुधीचं बी काढलं, कानाशी नेलं आणि स्वतःशीच मान डोलावली.

"सगयासले अंगनमा बलावा. उदेसिंगले म्हना, पट्टा बांध. आज थोडं आगाऊ नाच."

६. सात भोपळे

जिनिंगच्या अंगणात, जिथे पूर्वी कापसाच्या गाड्या उभ्या राहत, तिथे आम्ही सगळे गोल उभे होतो. उन्हाने फरशी तापली होती. उदेसिंगदादांनी नमस्कार करून गाठोडं सोडलं आणि पट्टा कमरेला बांधला. सात भोपळे, मधे घुंगरं.

"इथं नाचायचं?" त्यांनी संकोचाने विचारलं.

"इथंच. घुंगरं हातांनी धर. फक्त भोपळे वाजू देत."

"वेळ चाललाय, साहेब," नवनीत म्हणाला. "जीप खोळंबलीय." तो हसत होता, पण त्याचा हात सारखा शर्टाच्या कॉलरकडे जात होता.

दादा आधी अवघडून नाचले. मग अंगात लय आली आणि पाठ सरळ झाली. तापल्या फरशीवर अनवाणी पाय पडू लागले. सकाळपासून खाली गेलेली त्यांची मान वर आली. भोपळ्यांतल्या बिया खळखळत होत्या. भटूभाऊ डोळे मिटून, मिरचीसारखा कान लावून, त्यांच्याभोवती एक फेरी फिरले. मग दुसरी.

"थांब."

त्यांनी डाव्या बाजूच्या मागच्या भोपळ्यावर बोट ठेवलं.

"हाऊ भोपया मुका शे."

दादांनी चमकून भोपळा हातात घेतला, कानाशी हलवला. आवाज नाही.

"असा नव्हता तो," ते म्हणाले. "माझ्या बापाचा आहे. सगळ्यांत मोठ्याने हाच वाजतो."

भोपळ्याच्या देठाशी छोटं भोक होतं, मेणाने बुजवलेलं. बाकी सहांचं मेण मधाच्या पोळ्याचं, तपकिरी. याचं पांढरंशुभ्र, मेणबत्तीचं.

दादांनी नखाने मेण उकरलं. आधी कापूस निघाला, बंद पडलेल्या जिनिंगच्या कोपऱ्याकोपऱ्यात अजून सापडतो तसला. कापसात गुंडाळलेली डिस्क त्यांच्या तळहातावर पडली.

कुणी ओरडलं नाही. मी मात्र देवाचं नाव घेतलं आणि ते मोठ्याने घेतलं.

"बिया काढीसन खरकटामा टाक्यात," भटूभाऊ म्हणाले, "आनि मन्ही बहीनसारखी शे, असं म्हनीसन हिले फासावर चढाडी ऱ्हायंता. गाठोडं झाडाले तूच व्हता, नवनीत. लपाडनारा बी तूच, झडती लेनारा बी तूच. घुंगरंमुये यंत्र कोकलनारच व्हतं. हाऊ बिचारा तुन्हं काम काठीलगुन वाही लई जाता, आनि हजारो मानसंस्नी गर्दीमा तू पट्टावरथून कोनलेतरी देता. कोनले?"

नवनीतने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचं गोड बोलणं एकदम आटलं.

"तिचा चकवा का निवडला?" तो कर्नलसाहेबांवर ओरडला. "एका दवाखान्याच्या दिव्यासाठी? माझा जास्त मोठा होता! बाहेरच्या कंपनीला किंमत कळते. मला ते परदेशात प्रमुख करणार होते. माणूस आज रात्री काठीला येणार होता."

"येईल," कॅप्टन रुपा थंडपणे म्हणाल्या. "आमची माणसंही येतील."

त्यांनी स्वतः त्याचा दंड धरला. जाता जाता त्या माझ्यापाशी थांबल्या.

"हन्ना, मी चुकले. माफ कर."

मी मोठ्या मनाने काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "मॅडम, आधी मला कपाट उघडून द्या. पावणेएक वाजलाय."

कर्नलसाहेब उदेसिंगदादांपुढे जाऊन उभे राहिले. दादांनी हात जोडले.

"जागा सोडली, साहेब. शिक्षा द्या."

"पाळणीची परवानगी मी दिली होती. बदली माणूस द्यायला मी विसरलो," साहेब म्हणाले. "शिक्षा मला. तुम्ही रजेवर जा."

७. दवाखान्याचा दिवा

चार वाजता जनरलसाहेब शत्रूगावाच्या कठड्याशी उभे राहिले. मी बटण दाबलं.

तळाच्या पडद्यावर आकाश मोकळंच दिसत राहिलं. कठड्याखाली मात्र तळाचे दिवे एकेक करत विझले, पंप थांबले, रडारची तबकडी जागच्या जागी थिजली. नियंत्रण कक्षात शत्रू बनून बसलेल्या दोन जवानांना पत्ताही नव्हता. ते चहा पीत होते. अकरा मिनिटं मी घड्याळाकडे बघत राहिले.

"त्याच तारेवरचा हा एक दिवा चालू आहे," जनरलसाहेबांनी बोट दाखवलं. "दोष आहे का?"

"नाही, सर. तो दवाखाना आहे."

त्यांनी त्या दिव्याकडे बराच वेळ पाहिलं. मग टोपी नीट केली आणि मला सलाम ठोकला. वर्दी नसलेल्या, खांडबाऱ्याच्या बाजारात पावसाचा अंदाज सांगणाऱ्या हन्ना इमॅन्युएल वसावेला! मी रडले. लपवलं नाही.

उदेसिंगदादा मात्र गेले नव्हते. ते फाटकाशी रिकामा भोपळा हातात घेऊन उभे होते.

"मुका घेऊन कसा नाचू?" ते म्हणाले.

तेवढ्यात प्रमिलाबाई वर्तमानपत्राची पुडी घेऊन लगबगीने आल्या आणि अर्ध्यात थबकल्या. "मन्हा हात लागना ना हो यासले," त्या कसनुशा होऊन म्हणाल्या. "धुई टाक्यात मी."

दादांनी पुडीकडे पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदा ते हसले.

"बी धरतीचं असतं, बाई. त्याला कोणाचा हात लागत नाही." त्यांनी ओंजळ पुढे केली.

भटूभाऊंनी खिशातलं शेवटचं बीही त्यात टाकलं. भोपळा भरला, पोळ्याच्या मेणाने बुजला. कर्नलसाहेबांनी त्यांना स्वतःच्या गाडीतून पाठवलं, आणि आम्ही सगळे मागच्या जीपमध्ये कोंबून बसलो.

काठीला पहाटे होळी पेटली. उंच बांबू ज्वाळांत उभा होता, सातपुड्याच्या साऱ्या वाटांनी आलेली माणसं त्याच्याभोवती फिरत होती, ढोल घुमत होते. परदेशी कंपनीच्या माणसाला आमच्या लोकांनी मोरपिसांच्या गर्दीतून केव्हाच उचललं होतं. टोपाखाली, अंगभर रेघा ओढलेले उदेसिंगदादा आमच्यासमोरून नाचत गेले. पहाऱ्यावर वीस वर्षं ताठ उभा राहिलेला माणूस असा नाचतो, हे मला माहीत नव्हतं.

मी वडिलांना फोन लावला. "बाबा, ऐका," म्हणाले आणि फोन आवाजाच्या दिशेने धरला.

शेजारी भटूभाऊ डोळे मिटून उभे होते. ते बोटांवर मोजत होते. सातव्या बोटावर त्यांनी डोळे उघडले.

"मुका भोपया बोलना!" ते ओरडले. "सगयास्ना वर आवाज त्यानाच शे!"